पिवळ्या कार्डाचे लाल कार्ड करून मिळणेबाबत

दिनांक : १७ ऑक्टोबर

प्रति,
मा. शिस्त अधिकारी,
आंतरविभागीय कामगार फुटबॉल मंडळ,
क्रीडागृह, पहिला मजला, जिन्यालगतची खोली.

विषय : निश्चित गोल हाताने अडवल्याबद्दल अर्जदारास दिलेले व नंतर कृपाळूपणे रद्द केलेले पिवळे कार्ड पुन्हा लागू करून त्याचे लाल कार्ड करून मिळणेबाबत.

संदर्भ : १) दि. ३० ऑगस्ट रोजीचा सामना, भांडी कारखाना विरुद्ध लिफ्ट दुरुस्ती विभाग, ७१ वे मिनिट.
२) माझा दि. ४ सप्टेंबरचा अर्ज.
३) आपले दि. १९ सप्टेंबरचे पत्र.
४) सदर पत्रामुळे आमच्या घरात उद्भवलेली परिस्थिती.

महोदय,

१. मी खाली सही करणार चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखान्यात तपासणी व वेष्टन विभागात गेली सव्वीस वर्षे नोकरीस आहे. भट्टीतून निघालेला प्रत्येक कप बोटाने वाजवून पाहणे, तडा असल्यास बाजूला काढणे, चांगला असल्यास कागदात गुंडाळणे, हे माझे काम. कानाला सुराची सवय आहे ती थोडी कपांमुळे आणि बरीचशी कीर्तनामुळे. वाचनालयाच्या वरच्या सभागृहात दर शनिवारी संध्याकाळी बुवांचे कीर्तन असते व पहिल्या रांगेतील डावीकडची तिसरी खुर्ची माझी आहे, हे मंडळातील बऱ्याच जणांना ठाऊक आहे. हे मी बढाई म्हणून लिहीत नाही. या खुर्चीनेच घात केला आहे, ते पुढे येईल. वय वर्षे ५३. कारखान्याच्या संघात बचावफळीत खेळतो. शर्ट क्रमांक ५.

२. लिफ्ट दुरुस्ती विभागाच्या संघातील शर्ट क्रमांक ४ हा माझा सख्खा धाकटा भाऊ आहे. वय ४६. आम्ही एकाच इमारतीत चौथ्या मजल्यावर समोरासमोरच्या घरांत राहतो. आई दुपारपर्यंत त्याच्याकडे व नंतर माझ्याकडे असते, आणि संध्याकाळचे जेवण सर्वांचे आमच्या टेबलावर एकत्र होते. धाकटा एकोणीस वर्षे मंडळाच्या स्पर्धेत खेळला. या एकोणीस वर्षांत त्याने एकही गोल केलेला नाही. त्याच्या पायात जीव नाही असे नव्हे. तो मागे खेळतो, पुढच्यांना चेंडू पुरवतो, आणि पुढचे गोल करून एकमेकांच्या गळ्यात पडतात तेव्हा हा मधल्या रेषेवर उभा राहून टाळ्या वाजवतो. त्याच्या विभागातले लोक त्याला लाडाने 'कोरी पाटी' म्हणतात. तोही हसतो. पण माणूस किती वर्षे हसेल, यालाही एक हद्द असते.

३. धाकट्याचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत. डॉक्टरांनी उन्हाळ्यातच सांगितले होते की आता चेंडू टीव्हीवर बघा. त्यामुळे ३० ऑगस्टचा सामना हा त्याचा शेवटचा सामना होता व तसे त्याने आठ दिवस आधी घरात जाहीर केले होते. म्हणून आई मैदानावर आली होती. आईचे वय ८१ असून ती काठीशिवाय उभी राहत नाही. तिच्यासाठी मैदानाच्या कडेला घरची वेताची खुर्ची नेऊन ठेवली होती. ती मीच नेली होती, एवढे नमूद करतो.

४. घडलेला प्रकार असा. आमचा संघ एका गोलने पुढे होता. त्यांना कॉर्नर मिळाला. चेंडू उंच आला, दोनचार डोक्यांवरून गेला आणि पेनल्टी क्षेत्राच्या कडेला एकट्या उभ्या असलेल्या धाकट्यापुढे पडला. त्याने तो एकदा जमिनीवर आपटू दिला आणि मारला. असा फटका मी त्याच्या पायातून कधी पाहिला नव्हता. आमचे गोलरक्षक, जे कारखान्यात भट्टीवर असतात व सर्वजण त्यांना भट्टीवाले म्हणतात, ते दुसऱ्या खांबाकडे होते. गोलरेषेवर मी एकटा. चेंडू माझ्या कानाच्या बाजूने वर जात होता. मी उजवा हात वर केला. चेंडू तळहातावर बसला व बाहेर गेला.

५. पंचांनी शिट्टी वाजवून पेनल्टी दिली व मला पिवळे कार्ड दाखवले. पेनल्टी त्यांच्या कर्णधाराने मारली व गोल झाला. सामना एक-एक असा सुटला. नोंदवहीत गोलपुढे कर्णधाराचे नाव आहे. धाकटा मधल्या रेषेवर उभा राहून टाळ्या वाजवीत होता.

६. आता कायद्याचा मुद्दा. मंडळाची नियमपुस्तिका मी तीन वेळा वाचली असून ती बहुतेक पाठ झाली आहे. निश्चित गोल अनवधानाने हात लागून अडला व पेनल्टी दिली, तर पिवळे कार्ड. निश्चित गोल मुद्दाम हात लावून अडवला, तर लाल. हात लागूनही चेंडू आत गेलाच, तर पिवळे. गोलरक्षकाला स्वतःच्या क्षेत्रात हाताची मुभा आहे, पण मी गोलरक्षक नाही आणि सव्वीस वर्षांत कोणी मला तसे समजलेही नाही. पंचांच्या अहवालात मात्र माझ्यासमोर असे लिहिले आहे : 'हेतू दिसला नाही. चेंडू बहुधा बाहेर गेला असता.' म्हणजे माझ्या भावाचा आयुष्यातला एकमेव फटका सरकारदरबारी 'बहुधा बाहेर' म्हणून जमा आहे.

७. आणखी एक गोष्ट, जी कदाचित साहेबांच्या लक्षात आली नसेल. मंडळाच्या वार्षिक पुस्तिकेत पिवळ्या कार्डापुढे फक्त कार्ड घेणाऱ्याचा क्रमांक छापतात. हाताने गोल अडवल्याच्या लाल कार्डापुढे मात्र 'शर्ट क्रमांक अमुकचा निश्चित गोल हाताने अडवला' अशी पूर्ण ओळ असते. गोल धाकट्याच्या नावावर लागणार नाही, हे मला समजते. देव परत येऊन खेळला तरी ७१ वे मिनिट पुन्हा येत नाही. पण ही एक ओळ त्याच्या नावाने छापली जाऊ शकते, आणि ती छापायची तर मला लाल कार्ड मिळणे आवश्यक आहे. एवढीच माझी मागणी आहे. ती इतकी लहान असून इतकी लांब कशी झाली, ते पुढे निवेदन करतो.

८. पंचांविषयी माझ्या मनात किंतु नाही. त्यांचे चष्म्याचे दुकान आहे व हा अर्ज मी त्यांच्याच दुकानातल्या चष्म्याने लिहीत आहे. सामन्यानंतर चार दिवसांनी मी दुकानात जाऊन विनंती केली की अहवाल दुरुस्त करावा. त्यांनी माझ्या चष्म्याच्या काचा पुसून दिल्या आणि म्हणाले, "दादा, खरं सांगू? हात लाल कार्डाच्या खिशाकडे गेलाच होता. पण तुमचं तोंड बघितलं. कीर्तनात पहिल्या रांगेत डोळे मिटून बसणारा माणूस मुद्दाम हात लावेल का? मग हात दुसऱ्या खिशात गेला." म्हणजे साहेब, मी देवाचे नाव घेतो म्हणून माझ्या भावाचा गोल बाहेर गेला. याहून मोठे पाप माझ्या भक्तीने आजवर केलेले नाही.

९. घरातील परिस्थिती. धाकटा त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही. टेबलावर तो माझ्या शेजारीच बसतो, कारण ती त्याची जागा आहे, पण मीठ हवे असेल तर आईला सांगतो, "आई, त्याला म्हणावं मीठ सरकव." आई मला सांगते. मी सरकवतो. आईचा कान थोडा कमी आहे, त्यामुळे कधी कधी मीठ मागितले की पाणी येते व तो तेच पितो, पण माझ्याकडे बघत नाही. मी लिफ्टपाशी उभा दिसलो तर तो जिन्याने जातो. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, गुडघे गेलेले असताना, चार मजले जिना चढतो आणि वर पोहोचल्यावर मुद्दाम मोठ्याने श्वास घेतो, म्हणजे मला दाराआडून ऐकू जावे. धाकट्याची बायको माझ्या पत्नीला म्हणाली, "वहिनी, मी दोघांचंही तोंड बघणार नाही, पण सांगून ठेवते, चेंडू आतच जात होता." पत्नीने तिला चहा दिला व सांगितले की तिचेही तेच मत आहे. मी शेजारच्या खोलीत होतो.

१०. या परिस्थितीत मी दि. ४ सप्टेंबर रोजी आपल्याकडे अर्ज केला. त्यात मी असे लिहिले होते की 'हात आपोआप वर गेला, तरीही गोल निश्चित असल्याने मला लाल कार्ड देण्यात यावे.' त्यावर आपले दि. १९ सप्टेंबरचे पत्र आले. अर्जदाराने हात आपोआप गेल्याचे नमूद केले आहे, अर्जदाराची सेवा व स्वभाव पाहता त्याच्या विनंतीचा सहानुभूतीपूर्वक विचार करून पिवळे कार्डही रद्द करण्यात येत आहे व सदर घटनेची नोंद काढून टाकण्यात येत आहे, असा त्यातील मजकूर होता. मी ते पत्र टेबलावर वाचून दाखवले, कारण सुरुवातीच्या दोन ओळींवरून मला वाटले की काम झाले. धाकट्याने घास खाली ठेवला. आईला म्हणाला, "आई, त्याला म्हणावं, आता तर मी फटकाच मारला नाही." आणि उठून गेला. आई मला म्हणाली, "काय लिहिलंस रे तू?"

११. यावर मी दुसऱ्याच दिवशी आपल्या कार्यालयात हजर झालो. बाहेरच्या टेबलावरील लिपिकबाईंनी माझे ऐकून घेतले. त्यांच्याकडे 'शिक्षा कमी करणेबाबत' असे छापील नमुने होते व 'शिक्षा रद्द करणेबाबत' असेही होते. वाढवण्याचा नमुना नव्हता. त्यांनी दोन कपाटे उघडून पाहिली. मग म्हणाल्या, "काका, अठरा वर्षं झाली मला या टेबलावर. इथे कार्ड टाळायला येतात लोक. रडतात, दमदाटी करतात, एकाने तर माझ्यासमोर चेंडूला शिवी दिली. पण कार्ड मागायला कोणी आलं नव्हतं. कार्ड म्हणजे काय प्रसाद आहे, रांगेत उभं राहून घ्यायला?" तरीही त्यांनी एका नमुन्यावरचा 'कमी' हा शब्द खोडून वर हाताने 'जास्त' असे लिहून दिले व शिक्का मारला. त्या माउलीचे भले होवो. मात्र त्यांनी मला एक शहाणपणाची गोष्ट सांगितली : "मुद्दाम केलं असेल तरच लाल. आपोआप म्हणाल तर पुढच्या खेपेला तुम्हाला पारितोषिक देतील." त्यांनी असेही सांगितले की दोन्ही गोष्टींचा पुरावा लागेल, गोल निश्चित होता याचा आणि हेतूचा. म्हणून दोन्ही पुढे देत आहे.

१२. गोल निश्चित असल्याबाबत. (अ) मी मैदानाच्या राखणदारांना बरोबर घेऊन गोलजवळ गेलो व खोकी मोजण्याच्या फितीने मोजणी केली. माझा पाय जिथे होता तिथली माती माझ्या बुटाने उकरलेली अजून दिसत होती. तेथून हात वर केला असता तळहात खांबापासून सेहेचाळीस सेंटिमीटर आत व वरच्या दांडीच्या एकतीस सेंटिमीटर खाली येतो. राखणदारांनी फितीचे दुसरे टोक धरले होते. त्यांनी विचारले, "इथे कोणी मेलं का? पंचनामा चाललाय म्हणून विचारतो." मी सांगितले की एक गोल मेला आहे. ते म्हणाले, "मग आत जात होता. मी रोज ही जाळी बांधतो, मला काय कळत नाही?" (आ) भट्टीवाल्यांचा लेखी जबाब सोबत जोडला आहे. त्यांनी त्या क्षणी डोळे मिटून घेतले होते. कोणी म्हणेल की डोळे मिटलेला साक्षीदार काय कामाचा. पण गोलरक्षक डोळे कधी मिटतो? चेंडू बाहेर जाताना कोणी मिटत नाही. आत जाताना मिटतो. मला वाटते यापेक्षा भक्कम साक्ष मिळणार नाही.

१३. हेतूबाबत. हा परिच्छेद लिहायला मला सर्वांत जास्त दिवस लागले आहेत.

आधीच्या अर्जात 'आपोआप' लिहिले ते खोटे बोलण्यासाठी लिहिले नव्हते. मला तसेच वाटत होते. कारखान्यात पट्ट्यावरून बशी घसरली की आमचा हात तिच्याखाली असतोच. विचार नंतर येतो. मी सर्वांना तेच सांगत होतो आणि लोकही मान डोलावत होते. पण गेल्या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी बुवांनी उत्तररंगाला एका घंटेची गोष्ट लावली. दोन भाऊ होते, दोघे मिळून एक मोठी घंटा वाजवायचे. एके दिवशी धाकट्याची पाळी होती. त्याने दोरी ओढली, पण नाद उठला नाही. लोक म्हणाले घंटा बिघडली. वर जाऊन बघतात तर थोरल्याने घंटेचा लोलक हातात धरून ठेवलेला. थोरला म्हणाला, "मी नाही धरला, हातानेच धरला." इथे बुवांनी पेटी थांबवली, झांजवाल्याला हाताने गप्प केले आणि गाणे सोडून साध्या आवाजात आमच्या रांगेकडे बघून विचारले, "हात मनाला न विचारता जातो म्हणता? मग जेवताना आजवर एक तरी घास कानात गेलाय का?" सभागृह हसले. मी नेहमीप्रमाणे डोळे मिटून बसलो होतो. उघडले. पुढचे कीर्तन मला आठवत नाही.

त्यानंतर मी कामावर दोन आठवडे स्वतःच्या हातावर पाळत ठेवली. अकरा वस्तू पट्ट्यावरून घसरल्या : सात बशा, तीन कप, एक किटलीचे झाकण. अकराच्या अकरा वेळा हात खाली गेला, तळवा वर करून. भांडी खाली पडतात, साहेब. सव्वीस वर्षांत एकही बशी वर पडलेली नाही. कानाच्या वरून जाणारी वस्तू अडवण्याची सवय माझ्या हाताला कोणी लावली? कोणीच नाही. तो हात मी पाठवला होता.

आता खरे काय घडले ते लिहितो. धाकट्याने चेंडू मारला तेव्हा मला चेंडू दिसला आणि त्याचबरोबर धाकट्याचे तोंडही दिसले. तो हसायला लागला होता. चेंडू अजून वाटेत होता आणि त्याला कळले होते की हा आत जाणार. मलाही कळले होते. आणि मग मैदानाच्या कडेला आई उभी राहिलेली दिसली. काठी खुर्चीलाच टेकलेली होती. ती काठीशिवाय उभी होती. साहेब, मी तीस वर्षे फुटबॉल खेळतो आहे. माझे बारा गोल आहेत. माझ्या एकाही गोलाला आई उभी राहिलेली नाही. ती म्हणायची, "छान झालं हो," आणि विणकाम पुढे चालू. मला त्या वेळी शब्दांत काही वाटले नाही. वेळच नव्हता. पण एवढे मात्र नक्की वाटले की माझ्या डोक्यावरून नाही. बाकी कुठूनही जाऊ दे. आणि हात वर गेला.

यालाच नियमपुस्तिकेत 'मुद्दाम' म्हणत असावेत. तसे नसल्यास पुस्तिका दुरुस्त करावी लागेल.

१४. या अर्जास माझ्या संघातूनही हरकत आहे, ती लपवीत नाही. आमचे कर्णधार, जे कारखान्यात झिलईच्या हौदावर असतात, मला म्हणाले, "दादा, आ बैल मला मार कशाला करताय? कार्ड नाही, बंदी नाही, देवाने दिलंय ते घ्या की." मी म्हणालो की हे देवाने दिलेले नाही, क्रीडागृहाच्या पहिल्या मजल्याने दिले आहे. लाल कार्डानंतर पुढील तीन सामने बाहेर बसावे लागेल व माझ्या वयाला तीन सामने म्हणजे बहुधा सगळेच, याची मला पूर्ण जाणीव आहे. माझी खेळण्याची हौस फिटली आहे असे नाही. ती फिटत नसते. पण ज्याची एकदाही फिटली नाही त्याच्यापुढे माझी काय मोठी.

१५. लिपिकबाईंनी दि. ६ ऑक्टोबर रोजी कळवले की काढून टाकलेली नोंद पुन्हा घालायची तर नियमानुसार 'बाधित खेळाडूचे निवेदन' त्याच्या सहीनिशी जोडावे लागेल. बाधित खेळाडू म्हणजे धाकटा. मी बाईंना म्हणालो की तो माझ्याकडे मीठही मागत नाही, सही कुठून देणार. त्या म्हणाल्या, "काका, नियम मी नाही केला." मग मी या अर्जाचा कच्चा मसुदा, वरील परिच्छेद १३ सह, आणि निवेदनाचा कोरा कागद असे दोन्ही आईकडे दिले. आईने ते दुपारी त्याच्या ताटाशेजारी ठेवले व त्यावर पाण्याचा पेला ठेवला, म्हणजे पाणी प्यायचे तर कागद उचलावेच लागतील.

तीन दिवस काही झाले नाही. या तीन दिवसांत आईने कोणाचाच निरोप कोणाला दिला नाही. म्हणाली, "माझा घसा बसलाय, तुमचं तुम्ही बघा." टेबलावर मीठ मध्यभागी पडून होते.

चौथ्या दिवशी निवेदन परत आले. लिफ्ट तपासणीच्या वहीत ते लोक जसे लिहितात, तसेच त्याने लिहिले आहे. मूळ प्रत सोबत आहेच, तरी खाली उतरवून देतो :

'दोष : दादाचा उजवा हात. कारण : मुद्दाम. गोल : होताच. शेरा : आई माझ्यासाठी उभी राहिली हे मला माहीत नव्हतं, मी चेंडूकडे बघत होतो. दादाने लिहिलं म्हणून कळलं. मी त्याच्या जागी असतो तर दोन्ही हात लावले असते. लाल कार्ड द्यावे. सही.'

१६. कागद मला आईने दिला नाही. त्याने स्वतः आणून दिला. दारात उभा राहून म्हणाला, "बारा गोल मोजून ठेवलेस होय रे?" मी हो म्हणालो. तो म्हणाला, "तेरावा मी अडवला असता, तर कळलं असतं तुला," आणि आत येऊन बसला. एवढेच बोलणे झाले. घरात आता शांतता आहे व मीठ ज्याचे तो घेतो.

१७. यावरून कोणी असा अर्थ काढील की अर्जदाराचे काम झाले आहे व अर्ज निकाली काढावा. तशी गैरसमजूत होऊ नये म्हणून मुद्दाम लिहितो की अर्ज मागे घेतलेला नाही. धाकटा दर संध्याकाळी विचारतो, "लाल झालं का?" मी नाही म्हणालो की म्हणतो, "तुझ्याच्याने एक कार्ड मिळवणं होत नाही." तरी साहेबांना हात जोडून विनंती की :

(क) दि. १९ सप्टेंबरचे कृपापत्र मागे घेण्यात यावे. आपण ते चांगल्या मनाने दिले, यात शंका नाही, पण मला पुन्हा कोणी असे चांगले समजू नये अशी नोंद माझ्या नावापुढे करता आली तर पाहावे.

(ख) वार्षिक पुस्तिकेत 'शर्ट क्रमांक ४ चा निश्चित गोल हाताने अडवला' ही ओळ छापण्यात यावी. जागा कमी असल्यास माझ्या बारा गोलांपैकी कोणतेही वगळावेत.

(ग) लाल कार्ड टपालाने पाठवू नये. ते पंचांनी मैदानावर, सामना सुरू असताना, माझ्या तोंडासमोर दाखवावे. दि. २५ ऑक्टोबर रोजी आमचा सामना आहे, मला पहिल्या मिनिटाला दाखवले तरी चालेल. लाल कार्ड मिळालेल्या खेळाडूने मैदान सोडायचे असते व त्याला कोणी पोहोचवायला जात नाही, हे मी तीस वर्षे पाहत आलो आहे. परंतु धाकट्याने त्या दिवसाची रजा टाकली आहे. गुडघ्यांनी तो मैदानात फार आत येऊ शकणार नाही, म्हणून कडेच्या रेषेवर उभा राहणार आहे. तेवढ्या वेळापुरती त्याला रेषेच्या आत एक पाऊल टाकण्याची परवानगी असावी, ही विनंती.

आपला नम्र व दोषी,

(सही)
शर्ट क्रमांक ५,
तपासणी व वेष्टन विभाग,
भांडी कारखाना.

सोबत :
१) 'कमी' खोडून 'जास्त' केलेला नमुना, शिक्क्यासह.
२) भट्टीवाल्यांचा जबाब.
३) गोलजवळील मोजणीचा आराखडा, राखणदारांच्या अंगठ्यासह. त्यांना सही येते, पण ते म्हणाले की पंचनाम्याला अंगठाच शोभतो.
४) बाधित खेळाडूचे निवेदन. काम झाल्यावर मूळ प्रत परत मिळावी. आईला ती हवी आहे.